मुलगी रात्रीचं जेवत नाही, फोटोत येत नाही

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. गेल्या वर्षापर्यंत शाळेच्या खो-खो संघात होती. तालुका स्पर्धेतल्या एका सामन्याची रील कुणीतरी इन्स्टाग्रामवर टाकली आणि शाळेतल्याच काही मुलांनी तिच्या मांड्यांवरून घाणेरड्या कमेंट केल्या. तेव्हापासून तिनं मैदान सोडलं. उकाड्यातही अंगावर जर्किन असतं. घरच्या फोटोत ती येत नाही, आलीच तर आधी फिल्टर लावायला लावते. वर्षभरापूर्वी पाळी सुरू झाली, त्या सुमारास वजन सात-आठ किलोंनी वाढलं. दोन महिन्यांपासून 'भूक नाही' म्हणून रात्रीचं जेवण टाळते. आई स्वतः वजन उतरवायला दिवसातून दोनदाच जेवते. मार्गशीर्षात घरातलं लग्न आहे आणि मुलगी 'मी येणार नाही' म्हणून बसली आहे. सासूबाई म्हणतात, वय आहे, जाईल. नवरा म्हणतो, तो मोबाइल फोडून टाक. आईला वाटतं, चांगल्या डाएटिशियनकडे नेऊन वजन कमी केलं की प्रश्नच मिटेल. 'यातलं नेमकं काय करू?' असं त्या विचारतात.

ताई,

तातडीचं आधी सांगते. वाढीच्या वयातली मुलगी दोन महिने रात्रीचं जेवत नसेल तर ते 'वय आहे, जाईल' यात बसत नाही. येत्या आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. जाण्याआधी तुम्ही एकट्यानं डॉक्टरांना फोन करा आणि दोन विनंत्या करा: वजनाचा आकडा तिच्यासमोर मोठ्यानं वाचू नये, आणि 'जरा बारीक व्हायला हवं हं' असं गमतीतही म्हणू नये. बहुतेक डॉक्टर हे ऐकतात, त्यांना फक्त आधी कुणीतरी सांगावं लागतं. हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी असल्याचं आढळलं होतं. पाळी सुरू होऊन वर्षच झालंय आणि त्यात एक जेवण बंद, म्हणजे तुमच्या मुलीला तो धोका आहेच.

डॉक्टरांना काय सांगायचं, यासाठी थोडे दिवस तिच्यावर पाळत न ठेवता लक्ष ठेवा. जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसणं, डब्यातलं अन्न टाकून देणं किंवा लपवणं, एकदम खूप खाऊन मग रडत बसणं, सतत गारठणं, चक्कर येणं, केस मुठीनं गळणं. पहिली दोन-एक वर्षं पाळी मागेपुढे होतेच, पण एकदा सुरू झालेली पाळी तीन महिने आलीच नाही, तर ते नक्की सांगा. यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांचीही मदत लागेल, आणि ती जितकी लवकर मिळेल तितकं बरं. तालुक्याच्या गावात असा डॉक्टर मिळणं अवघड असतं हे मला माहीत आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येतं. सरकारी रुग्णालयांमध्ये किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' चालतात, जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या घरात तिघांनी तीन गोष्टी सुचवल्या आहेत. सासूबाईंना तिच्या वयात कारण दिसतं, तुमच्या यजमानांना तिच्या हातातल्या मोबाइलमध्ये, तुम्हाला तिच्या वजनात. तिघांचीही नजर तिच्याकडेच आहे. तुमच्या घरात शरीराबद्दल रोज काय बोललं जातं, ते मात्र कुणीच विचारात घेतलेलं नाही. माझ्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी. पण तुमच्या तिन्ही गोष्टींत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणून आधी त्याच बघू.

वजनाचं म्हणाल तर, माणसाच्या प्रौढपणीच्या वजनापैकी जवळजवळ निम्मं वजन किशोरवयात वाढतं. मुलींमध्ये पाळीच्या आगेमागे कंबर, मांड्या आणि छातीवर चरबी साठते. शरीराला ती हवी असते, ती साठली नाही तर पाळीच लांबते. वाढीच्या ऐन भरात वर्षाला सात-आठ किलो वाढू शकतात. त्यामुळे हा आकडा ऐकून मी तरी दचकले नाही. मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, मुलांना जसाच्या तसा लावत नाहीत. भारतीय मुलांसाठी ५ ते १८ वर्षांचे वाढीचे वेगळे तक्ते आहेत. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली ते सुधारून काढले आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आघाडीवर होते. डॉक्टरांना त्या तक्त्यावर तिची उंची आणि वजन मांडायला सांगा. गेल्या दोन-तीन वर्षांच्या शाळेच्या आरोग्य तपासणीतल्या नोंदी मिळाल्या तर त्याही न्या. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तिची रेषा कशी चढत आली, ते जास्त महत्त्वाचं असतं.

समजा, डॉक्टर म्हणाले की वजन खरंच जास्त आहे. तरीही तिला एकटीला 'डाएट'वर घालू नका. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डायअ‍ॅन न्यूमार्क-स्टायनर यांनी हजारो शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. जी मुलं वजन उतरवायला डाएट करत होती, त्यांच्यातच पाच वर्षांनी वजन जास्त असण्याची आणि खाण्याचे विकार जडण्याची शक्यता इतरांहून अधिक दिसली. कारण समजायला कठीण नाही. दिवसभर उपाशी राहिलेलं मूल कधीतरी एकदम खातं, मग त्याला अपराधी वाटतं, मग ते पुन्हा उपाशी राहतं. बदल करायचाच असेल तर तो सगळ्या घराच्या ताटात करा: भाजी, उसळ, भाकरी वाढवा, पाकिटातलं खाणं आणि गोड पेयं घरात आणणं कमी करा, आणि वजनकाटा काही काळ माळ्यावर टाका.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती पुष्कळ घरांत चुकते. मुलीच्या मानेमागे किंवा काखेत जाडसर काळा पट्टा दिसत असेल तर तो मळ नव्हे. तो दगडानं, काथ्यानं, लिंबानं घासून जात नाही. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती बहुतेक वेळा खूण असते. 'नीट अंघोळ करत नाहीस' म्हणून तिला ओरडण्याऐवजी ती डॉक्टरांना दाखवावी.

डाएटिशियनचा विचार मागे ठेवा असं म्हणण्याचं मोठं कारण मात्र वेगळंच आहे. त्या मुलांनी तिच्या मांड्यांवर लिहिलं, आणि त्यावर घरानं तिला बारीक करायला नेलं, तर तिला काय कळेल? ती मुलं बरोबरच होती, असं. वजन उतरल्यावरही ही समजूत तिच्याजवळ राहील, आणि वजन परत वाढलं तर ती स्वतःला माफ करणार नाही.

मोबाइलबद्दल तुमच्या यजमानांचा राग मला समजतो. तो उगाच नाही. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१ साली फ्रान्सेस हॉगन या माजी कर्मचारी महिलेनं बाहेर आणली. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद कंपनीच्याच पाहणीत होती. मोबाइल येण्याच्याही आधीचं एक उदाहरण आहे. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ साली पहिल्यांदा टीव्ही आला. तिथे भरलेलं अंग चांगलं मानत, बारीक झालेल्या माणसाची काळजी करत. अ‍ॅन बेकर या संशोधिकेनं शाळकरी मुलींना तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली प्रश्न विचारले. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी तसं करणाऱ्या मुली ११ टक्क्यांहून जास्त होत्या. म्हणजे जिथे घरं मुलींना अंगावरून टोचत नव्हती, तिथेही पडद्यानं हे करून दाखवलं. तुमच्या घरातलं बोलणं उद्यापासून बदललं तरी मोबाइलकडे लक्ष द्यावंच लागेल.

पण फोडू नका. त्या कमेंट तुम्हाला कशा कळल्या? पत्रात तुम्ही लिहिलंय की तिनंच एका रात्री रडत दाखवल्या. मोबाइल गेला तर पुढच्या वेळी ती दाखवणार नाही. मैत्रिणीच्या मोबाइलवर बघेल आणि एकटीच रडेल.

त्याऐवजी एका रविवारी तिच्या शेजारी बसा आणि तिचं अकाउंट दोघी मिळून बघा. ते अकाउंट तिनं अकराव्या वर्षी खोटं जन्मसाल टाकून उघडलं, असं तुम्ही लिहिता. याचा एक परिणाम बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही: इन्स्टाग्रामच्या लेखी ती आता खऱ्या वयापेक्षा मोठी आहे, कदाचित प्रौढही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीची 'टीन अकाउंट' सोय भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. त्यात अकाउंट आपोआप खाजगी राहतं, अनोळखी माणसांना मेसेज करता येत नाही आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. खोट्या वयानं प्रौढ ठरलेल्या मुलीला यातलं काही आपोआप मिळत नाही. जुनं अकाउंट बंद करून खऱ्या जन्मतारखेचं नवं उघडा. कमेंटमध्ये ठरावीक शब्द दिसूच नयेत अशी सोय सेटिंगमध्ये असते. ज्या शब्दांनी तिला दुखावलं ते तिनं स्वतः तिथे टाकावेत. आपल्या हातात काहीतरी आहे, एवढं तिला त्यातून कळेल.

मग तिला रील कशा येतात ते दाखवा. एखाद्या व्हिडिओला लाइक करायची गरज नसते, त्यावर नुसतं जास्त वेळ थांबलं तरी तसेच आणखी येत राहतात. 'पंधरा दिवसांत पोट सपाट'वर ती वाईट वाटून थांबते, आणि ते यंत्र त्याला आवड समजतं. अशा रीलवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबायची सवय दोघींनी लावून घ्या, तुमच्या मोबाइलवरही. घरातल्या मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात 'ब्युटी मोड' आधीपासून चालू असतो का तेही बघा. पुष्कळ मोबाइलमध्ये तो असतो. कुणी काही न निवडताच तो रंग उजळतो, हनुवटी निमुळती करतो, डोळे मोठे करतो. मुलगी मग आरशात जाते आणि तिला वाटतं, आरशातली आपण खराब आहोत. तो बंद करा.

तिला एक प्रयोगही करायला सांगा, या वयाच्या मुलींना तो आवडतो. हातभर अंतरावरून सेल्फी काढायची आणि तोच चेहरा पाच फुटांवरून दुसऱ्या कुणी काढायचा. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं: बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. नाक तेच, अंतर बदललं. हे तुम्ही सांगितलंत तर ती मान हलवेल, पण तिनं स्वतः फोटो काढून पाहिलं तर तिला पटेल.

त्या रीलचं काय? ती टाकणाऱ्याला शोधून, त्याच्या पालकांशी बोलून ती काढायला लावा. मुख्याध्यापकांना भेटा, पण एक अट आधीच घाला: मुलीला वर्गात उभं करून किंवा त्या मुलांसमोर बोलावून विचारपूस करायची नाही. कमेंटचे स्क्रीनशॉट तुम्ही घेऊन जा. त्या मुलांशी शाळेनं बोललंच पाहिजे. 'मुलं आहेत, चालायचंच' हे उत्तर मान्य करू नका. तेरा वर्षांच्या मुलीच्या मांड्यांवर जाहीर लिहिणं ही चेष्टा नव्हे.

आता घर. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला बराच वेळ सोडेना. मुलीची ओळख करून देताना तुम्ही लिहिलंत, 'दिसायला माझ्यावर गेलीय, सावळी आणि अंगानं भरलेली, नशीब तिचं.' त्यानंतरची दोन पानं तिच्या वजनाबद्दल, रंगाबद्दल, जर्किनबद्दल आहेत. ती संघात कोणत्या जागेवर खेळायची, तिला काय वाचायला आवडतं, ती कशानं खळखळून हसते, हे पत्रात कुठे आलं नाही. तुम्ही काळजीनं लिहिलंत, म्हणून तसं झालं असेल. पण तुम्ही तिला 'माझ्यावर गेलीय' म्हणता आणि मग आरशासमोर पदर ओढत 'काय ही ढेरी, शी' म्हणता, तेव्हा ते तिलाही लागतं. तुम्ही स्वतःला जे नाव ठेवाल ते तिच्या वाट्याला आपोआप जातं.

हे वाक्य तुम्ही तयार केलेलं नाही, हेही मला माहीत आहे. तुमच्या लहानपणी, दाखवण्याच्या कार्यक्रमात, लग्नानंतर ते कुणीतरी तुमच्याबद्दल म्हटलं असणार. गोरेपणाची सर्वांत गाजलेली क्रीम १९७५ साली आपल्या बाजारात आली आणि तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० साली गेला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत वाढलेल्या बायकांना हे वेगळं शिकवायची गरजच पडली नाही. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, स्थळ येत नाही, हे टीव्ही रोज सांगत होता. तुम्ही त्यातून आलात, आणि मुलीसाठी हे पत्र लिहायला बसलात. म्हणून तुम्हालाच सांगते: तिला बदलायच्या आधी तुम्ही स्वतःच्या शरीराबद्दल वाईट बोलणं थांबवा. मनात आलं तरी तोंडातून काढू नका. साडी नेसताना, फोटो काढताना, वाढून घेताना. फोटोत मागे लपू नका, पुढे उभ्या राहा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या पिढीत 'वाळलीस गं' ही काळजी होती आणि 'अंग धरलंस हो' हे कौतुक. त्या आजही प्रेमानंच बोलतात, पण नातीला ते तसं ऐकू येत नाही. त्यांच्याशी त्यांच्या मुलानं बोलावं, सुनेनं नाही. 'आई, पोरगी जेवत नाहीये. तिच्या जाडीचं आणि रंगाचं कुणीच काही बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय' असं त्यांनी म्हणावं, आणि ते खरंही असावं, म्हणून डॉक्टरांकडून तेवढं वाक्य मागूनच घ्या. शिवाय आजीला एक काम द्या. संध्याकाळी शाळेतून आल्यावर नातीजवळ बसून दोघींनी काहीतरी खायचं, एवढंच. आजी तिला साय आणि डाळीचं पीठ लावतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्यानं काही बिघडत नाही, पण 'उजळशील' म्हणून ते लावू नका. सणाला सगळेच उटणं लावतो तसं लावा, नाहीतर राहू द्या.

बाजारातल्या क्रीमबद्दल मात्र मी ठाम आहे. पार्लरमधून किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या, घटकांची नीट नोंद नसलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि त्यामुळे मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणं आपल्याकडे आणि केरळात पुढे आली आहेत. मेडिकलमधून आणलेल्या काही मलमांत स्टेरॉइड असतं. ते लावून चेहरा महिनाभर उजळ दिसतो, मग लाल होतो, पुरळ येतं, लव वाढते. २०१८ पासून अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती मिळतात. मुलीच्या कपाटात एकदा बघा.

रात्रीच्या जेवणाचं कसं करायचं? तुम्ही दोनदाच जेवता, हे ती रोज बघते. तुमच्यासाठी ते बरोबर की चूक, यात मी शिरत नाही, ते तुमच्या डॉक्टरांशी ठरवा. पण निदान पुढचे काही महिने रात्रीचं एक जेवण तिच्याबरोबर घ्या. अर्धी भाकरी का होईना, पण बसून आणि सगळ्यांसोबत, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून. 'तुला जेवावंच लागेल' हे एकदाच आणि शांतपणे सांगा, कारण ते औषधासारखं ठरलेलं आहे. मग ताटावर नजर ठेवू नका, घास मोजू नका, संपवल्यावर शाबासकीही देऊ नका. पहिल्या आठवड्यात ती दोन घास खाऊन उठेल. उठू द्या. भात, वरण, तूप, तिच्या आवडीची एखादी गोष्ट असू द्या. 'हे खाल्लं की चरबी वाढते', 'आज पाप केलं, उद्या उपास' ही भाषा घरातून काढून टाका. मधल्या सुट्टीच्या डब्यात शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं, मटकी असं काहीतरी दमदार द्या.

ती 'मी किती जाडी आहे' म्हणते तेव्हा तुम्ही 'छे गं, कुठे जाडी, छानच दिसतेस' म्हणता, असं लिहिलंय. सगळ्या आया हेच म्हणतात. पण त्यानं ते बोलणं तिथेच संपतं, आणि तिला वाटतं, आईला कळलंच नाही. त्याऐवजी विचारा, 'आज काही झालं का गं?' आणि मग थांबा. थांबणं अवघड असतं, पण शाळांमध्ये मुलींशी बोलताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे की, आपण गप्प राहिलो तर दोन-तीन मिनिटांनी खरी गोष्ट बाहेर येते. बहुतेकदा ती वजनाची नसते. कुणीतरी मागे हसलेलं असतं, मैत्रिणीनं नव्या गटात घेतलेलं नसतं, गणवेशाची बटणं ताणलेली असतात. बटणं ताणली असतील तर गणवेश मोठा शिवून देणं हेच त्यावरचं उत्तर, आणि ते आपल्याला लगेच करता येतं.

लग्नाचंही तसंच. तिला यायचं नाही, याचं निम्मं कारण कपडे आणि निम्मं कारण बायका असणार. परकर-पोलका, घागरा, जे काही तिला हवं ते तिच्या आत्ताच्या मापाचं नवं शिवा. मागच्या वर्षीचं उसवून बसवू नका. माप घेताना आकडे मोठ्यानं सांगू नका, असं शिवणाऱ्या बाईंना आधी सांगून ठेवा. तिथे कुणी 'अगो, केवढी झालीस, काय खातेस काय' म्हणालं तर उत्तर तुम्ही द्यायचं, तिनं नाही: 'काकू, आमच्याकडे वजनावर बोलायचं बंद केलंय. तुम्ही कशा आहात?' हे हसून म्हणता येतं. तिच्यासमोर एकदा म्हटलंत तरी तिला कळेल की आपल्या बाजूनं कुणीतरी उभं आहे. फोटोसाठी ओढू नका. एवढं करूनही ती नको म्हणाली, तर हळदीला नको आणि लग्नाच्या दिवशी तासभर ये, असं ठरवा.

खो-खोबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. ज्या खेळात पाय, दम आणि वळण्याची चपळाई लागते, तोच खेळ तिच्या पायांवरून सुटला. परत जा म्हणून मागे लागू नका. पण क्रीडाशिक्षकांना भेटून विचारा की हाफपँटऐवजी घोट्यापर्यंतची स्लॅक्स चालेल का, आणि सरावाला मोबाइल आणायला मनाई करता येईल का. या दोन गोष्टी बदलल्या तर तिच्यासारख्या आणखी दोघी-तिघी परत येतील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच. ते सामने ऑनलाइन आहेत, तिच्याबरोबर बसून बघा. त्या मुलींच्या मांड्यांकडे बघा, असं चुकूनही म्हणू नका. खेळ बघा. सूर कसा मारला, खांब कसा घेतला, यावर तिला बोलू द्या. त्यातलं तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

मुलग्यांच्या आयांकडूनही अशीच पत्रं येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. पंधरा वर्षांचा मुलगा 'काडीपैलवान' ऐकून जिमला जातो, दिवसभर जबड्याचे व्यायाम करतो, प्रोटीनच्या डब्यासाठी हट्ट धरतो. मुलांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्यानं वाढते आणि स्नायू त्यानंतर भरतात. मधली दोन-तीन वर्षं तो किडकिडीतच दिसणार, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोन अंडी, दोन ग्लास दूध आणि मूठ-दीड मूठ शेंगदाणे यातच त्यातली चाळीसच्या आसपास मिळतात, वर डाळ, उसळ आणि भाकरी आहेच. अंडी खात नसाल तर पनीर, दही, हरभरे वाढवा. काही हजारांच्या डब्याची गरज नाही. इंजेक्शन किंवा गोळ्यांचं नाव कुणी काढलं असेल तर मात्र थांबायचं नाही. या वयात स्टेरॉइड घेतली तर हाडांची टोकं वेळेआधी जुळतात आणि उंची कायमची थांबते, अंडकोष आकसतात, यकृतावर ताण येतो. वडिलांनी स्वतः त्या जिममध्ये जाऊन मालकाला विचारावं की इथे मुलांना काय दिलं जातं. उत्तर पटलं नाही तर त्याच दिवशी मुलाचं तिथलं नाव काढावं आणि आत्तापर्यंत त्यानं काय घेतलं त्याची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जावं.